कमिशनवरच्या विमा-विक्रीची मुलाखत: ते काय विचारतात आणि तुम्ही काय विचारावं?

तुम्ही लिहिलंय की बी.कॉम. झालंय, तासगावला राहता, आणि एका खाजगी आयुर्विमा कंपनीच्या सांगली शाखेतून 'फायनान्शियल अॅडव्हायझर'साठी बोलावणं आलंय. पगार नाही, फक्त कमिशन. तयारी काय करावी, असं विचारलंय. अशाच एका शाखेत बरीच वर्षं मी टेबलाच्या पलीकडे बसून या मुलाखती घेतल्या आहेत. तिकडून काय दिसतं ते सांगतो.

आधी हे लक्षात घ्या की ही नोकरी नाही, एजन्सी आहे. कार्डावर हुद्दा काही का असेना. शंका वाटली तर सरळ विचारा, "पीएफ कापला जातो का?" उत्तर 'नाही' आलं की तुम्ही कंपनीच्या पगारपत्रकावर नाही. आणि या मुलाखतीत नापास सहसा कुणी होत नाही. दहावी पास, अठरा पूर्ण आणि पुढे विमा एजंट होण्यासाठीची आयसी-३८ परीक्षा पास होण्याची शक्यता, एवढं त्यांना पुरतं. ती परीक्षा तासाभराची, ५० प्रश्नांची, मराठीतूनही देता येते. पासिंग ३५ टक्क्यांवर. त्याची धास्ती नको. समोरच्या मॅनेजरला महिन्याला अमुक इतके एजंट भरती करायचं टार्गेट असतं, म्हणजे त्या खोलीत खरा विक्रेता तो असतो आणि गिऱ्हाईक तुम्ही.

मग तो तपासतो काय? तुमच्या ओळखी. चहा झाला, कंपनीचा व्हिडिओ दाखवून झाला, परदेश दौऱ्याचे फोटो झाले की एक कोरा कागद पुढे येतो: "शंभर नावं लिहा." काका, मामा, शाळेतले सर, वडिलांचे पतसंस्थेतले सहकारी, भिशीतल्या मावश्या. खरी मुलाखत हीच, बाकी सगळं नेपथ्य. यादी लगेच, फोन नंबरांसकट देऊ नका. "या नावांना मी स्वतः भेटणार की तुमची टीम फोन करणार?" हे आधी विचारा. नात्यातली माणसं पहिला हप्ता भिडेखातर भरतात आणि दुसऱ्या वर्षी सोडून देतात. बंद पडलेल्या पॉलिसीत त्यांचे बरेच पैसे जातात, आणि लग्नकार्यात तोंड तुम्हाला चुकवावं लागतं. मॅनेजर तोवर बदली होऊन कोल्हापूरला गेलेला असतो.

यादीऐवजी एक चांगलं उत्तर तयार ठेवा: नात्याबाहेर तुम्ही कुणाकडे जाणार? तुम्ही तासगावचे, म्हणजे द्राक्ष आणि बेदाणा तुम्हाला सांगायला नको. "मासिक हप्ता बागायतदाराला झेपत नाही, त्याचा पैसा माल गेल्यावर येतो, म्हणून मी वार्षिक हप्ता त्या वेळेला लावून देईन. ऊसवाल्याला कारखान्याचं बिल जमा झाल्यावर भेटेन," असं म्हणालात तर अनुभवी मॅनेजर खुर्चीत सरसावून बसेल. "मला माणसांशी बोलायला आवडतं" हे वाक्य त्याने रोज ऐकलेलं असतं.

आता हिशोब. तो कागदावर स्वतः मांडा, त्यांच्या स्लाइडवरचा घेऊ नका. समजा महिन्याला २० हजार हवेत आणि पहिल्या वर्षाचं कमिशन २५ टक्के धरलं, तर दर महिन्याला ८० हजारांचा नवा प्रीमियम आणावा लागतो. सरासरी वार्षिक हप्ता २५ हजार असेल तर तीन-चार पॉलिसी. दहा भेटींत एक जमली तरी तीस-चाळीस भेटी, त्याही नव्या माणसांशी, आणि पेट्रोल तुमचं. खरा टक्का किती, हे प्रॉडक्टप्रमाणे बदलतं. एप्रिल २०२३ पासून तर विमा नियामकाने प्रत्येक प्रॉडक्टवरची ठरावीक मर्यादा काढून एकूण खर्चाच्या चौकटीत कंपनीलाच धोरण ठरवायला दिलं आहे. म्हणून तोंडी आकडा घेऊ नका, छापील तक्ता मागा. दुसऱ्या वर्षापासून काय मिळतं, ते त्यात बघा. आणि एजन्सी सोडली तर जुन्या पॉलिसींच्या पुढच्या हप्त्यांवरचं, म्हणजे रिन्युअल कमिशन चालू राहतं का, किती वर्षं काम केल्यावर राहतं, हेही विचारा. एप्रिल २०२४ पासून ग्राहकाला पॉलिसी परत करायला ३० दिवस मिळतात. ती परत आली की तुमचं कमिशनही परत जातं.

मी स्वतः तुमच्या जागी असतो तर एकच प्रश्न विचारला असता: "या शाखेची तेराव्या महिन्याची पर्सिस्टन्सी किती?" म्हणजे पहिलं वर्ष संपल्यावर किती पॉलिसींचा हप्ता पुन्हा आला. आकडा सांगायला मॅनेजर चाचरला, तर तिथे कसं विकलं जातं ते कळलंच.

आडवे प्रश्नही येतात. "निवृत्त शिक्षक आहेत, ग्रॅच्युइटीचे वीस लाख आलेत, काय विकाल?" दहा वर्षं हप्ते भरायची योजना सांगितलीत तर काही शाखांत शाबासकी मिळेल. माझं मत विचाराल तर आधी पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना सांगा; तिची मर्यादा आता ३० लाख आहे. पुढची दहा वर्षं हप्ता कुठून येणार, हे त्यांना विचारल्याशिवाय विम्याचं नाव काढू नका. या उत्तरावर मॅनेजरने तोंड वाकडं केलं तर ते तुमच्या उपयोगाचंच आहे.

दुसरा हमखास प्रश्न: "गिऱ्हाईक म्हणतं, पहिल्या हप्त्यातले थोडे तुम्ही भरा. काय कराल?" आपल्याकडे ही चाल सर्रास आहे, पण विमा कायदा १९३८च्या कलम ४१ प्रमाणे ही सूट देणं बेकायदेशीर आहे आणि दंड १० लाखांपर्यंत जाऊ शकतो. "नाही देणार" म्हणा. मॅनेजरच "थोडं अॅडजस्ट करावं लागतं" म्हणाला तर चहा संपवून निघा.

कपडे साधे इस्त्रीचे, टाय नको. सांगलीच्या उन्हात तो तुम्हालाच नडेल.

पॅन, आधार, दहावीचं प्रमाणपत्र आणि फोटो घेऊन बोलावतील आणि त्याच दिवशी फॉर्मवर सही मागतील. कागद दाखवा, सही करू नका. स्वतःच्या नावावर आधी एक पॉलिसी घ्या असा आग्रह झाला तर त्यालाही "नंतर बघू" म्हणा. एका वेळी एकाच आयुर्विमा कंपनीची एजन्सी घेता येते. तुमचा एजंट कोड एकदा निघाला की दुसरीकडे जाण्याआधी पहिली एजन्सी रीतसर सोडावी लागते, आणि तो कागद हातात पडायला बऱ्याच खेपा होतात. त्यामुळे सांगलीतल्याच आणखी एका कंपनीत आणि एलआयसीच्या एखाद्या विकास अधिकाऱ्याकडे (तिथे एजंट तेच नेमतात) जाऊन या, तिन्ही ठिकाणचे कमिशनचे तक्ते घरी शेजारी ठेवा, मग सहीचं बघा.