वेंडोव्हरच्या आसपास पळायचं असेल तर: कोणती वाट, कोणत्या महिन्यात

प्रश्न थोडक्यात असा: नोव्हेंबरपासून वर्षभर इंग्लंडात बकिंगहॅमशरमधल्या वेंडोव्हरला मुक्काम आहे, पुण्यात वेताळ टेकडीवर पळायची सवय आहे, 10 किमीला साधारण तास लागतो. आता डांबर सोडून शेतं आणि जंगलातून पळायचं आहे, तर सुरुवात कुठून करावी?

वाट अंतर बघून निवडू नका, जमीन बघून निवडा. वेताळ टेकडीवर मुरूम आणि काळा पाषाण. पाऊस थांबला की दोन दिवसांत वाट पळण्याजोगी होते. वेंडोव्हर चिल्टर्न टेकड्यांच्या पायथ्याशी आहे, आणि इथे खाली खडूचा खडक आहे. तो पाणी पिऊन घेतो, म्हणून टेकडीचे उतार लवकर निथळतात. पण माथ्यावर या खडूवर चिकणमातीचा थर बसलेला आहे, त्यात गारगोट्या भरलेल्या. हा थर पाणी धरून ठेवतो. म्हणजे आपल्याकडच्या अंदाजाच्या बरोबर उलटं: उंचावरचं सपाट जंगल चिखलाचं आणि चढ त्या मानाने कोरडा. नकाशावर माथ्यावरची वाट सरळ आणि सोपी दिसते, आणि जानेवारीत तिथेच तुमचा वेग निम्म्यावर येतो. घोडे जातात त्या वाटा सगळ्यात वाईट. खुरांनी माती कालवली जाते आणि तिचा लगदा मार्चअखेरपर्यंत तसाच राहतो.

उतारालाही एक खोड आहे. जिथे पावलांनी गवत झिजून पांढरा खडू उघडा पडलेला असतो, तिथे ओला खडू साबणासारखा निसरडा होतो. चढताना कळत नाही, उतरताना पाय जातो. शेजारच्या गवतावरून छोटी पावलं टाकत उतरा. बीचच्या झाडांखाली पानांचा खच असतो, त्याखाली मुळं दडलेली असतात. तिथे पाय नेहमीपेक्षा जरा उंच उचला.

आता वहिवाट. इंग्लंडात खाजगी शेतातूनही सार्वजनिक वहिवाटी जातात आणि त्यांवरून पळायला कोणाची परवानगी लागत नाही. खुणांच्या खांबावर पिवळा बाण म्हणजे फक्त पायी चालणाऱ्यांची वाट. निळा बाण असेल तर घोडे आणि सायकलीही येणार. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश नकाशासंस्थेचा एक्सप्लोरर 181 हा नकाशा घ्या, कागदी किंवा त्यांच्या ॲपवर. त्यात हिरव्या आखूड तुटक रेघा म्हणजे पायवाट, लांब तुटक रेघा म्हणजे घोडेवाट. काळी तुटक रेघ दिसली तर जमिनीवर वाट आहे एवढंच खरं, वहिवाटीचा हक्क असेलच असं नाही. नवखे लोक इथेच फसतात. वाट उभ्या पिकातून गेली असेल तर नकाशातल्या रेषेवरूनच जा. पिकाची काळजी म्हणून बांधावरून वळसा घालणं आपल्याला सभ्यपणाचं वाटतं, पण हक्क त्या रेषेवर आहे, बांधावर नाही. फाटक जसं असेल तसं सोडा: बंद असलं तर बंद, उघडं असलं तर उघडं.

पहिले दोन आठवडे कूम हिल. स्टेशनजवळचा रेल्वेवरचा पूल ओलांडला की एल्सबरोच्या रस्त्यावर डावीकडे रिजवे फुटते. ही 139 किमीची राष्ट्रीय पायवाट, खूण ओकच्या फळाची. ती बेकम हिलवरून चढत कूम हिलच्या स्मारकापर्यंत नेते. एका बाजूचं अंतर साधारण अडीच किमी, चढ सव्वाशे मीटरच्या आसपास. सुरुवातीचा तुकडा सगळ्यात उभा आहे, तिथे खुशाल चाला. स्मारक बोअर युद्धात मेलेल्या बकिंगहॅमशरच्या सैनिकांचं, 1904 सालचं. 1938 मध्ये वीज पडून ते कोसळलं होतं आणि पुन्हा बांधलं गेलं. यावरून काय घ्यायचं ते घ्या: 260 मीटरवरचा हा उघडा कडा आहे, गडगडाट ऐकू आला तर वर थांबू नका. वारा बहुतेकदा नैर्ऋत्येचा असतो, म्हणून जाताना तो तोंडावर येतो आणि परतताना पाठीशी. घामाने भिजून वर उभं राहिलात तर दोन मिनिटांत हुडहुडी भरते.

कूम हिल अंगवळणी पडली की रिजवेवर पुढे जा. स्मारकापासून वाट डावीकडे कड्याच्या काठाने वळून झाडीत शिरते आणि पुढे चेकर्सच्या आवारातून जाते. चेकर्स हे ब्रिटिश पंतप्रधानांचं गावाकडचं सरकारी निवासस्थान. वाट त्यांच्या मुख्य रस्त्याला चक्क आडवी जाते. तिथे वाट सोडून दोन पावलंही बाजूला जाऊ नका. या जागेवरचं अतिक्रमण हा वेगळ्या कायद्याने फौजदारी गुन्हा आहे आणि कॅमेरे सगळीकडे आहेत. पुढे कॅड्सडेन, मग व्हाइटलीफ हिलची दमछाक करणारी चढण, आणि उतरलं की प्रिन्सेस रिस्बरो. एकूण दहा-अकरा किमी. तुमच्या तासाच्या हिशेबावर जाऊ नका. दर 100 मीटर चढाला एक किमी सपाट अंतर धरा आणि चिखलासाठी वर आणखी वेळ ठेवा. हिवाळ्यात दीड तासाच्या आत झालं तर चांगलंच म्हणायचं. परतीची गाडी थेट नाही: रिस्बरोहून एल्सबरी, तिथे बदलून वेंडोव्हर. रविवारी वेळापत्रक आधी बघून निघा, नाहीतर ओल्या कपड्यांत फलाटावर ताटकळत बसाल.

डिसेंबरात सूर्य चारच्या आत मावळतो, म्हणून आठवड्यातल्या दिवसांसाठी दोन वेगळे पर्याय ठेवा. एक, कालवा. व्हार्फ रोडवरून ग्रँड युनियन कालव्याच्या वेंडोव्हर शाखेची काठवाट सुरू होते. कालवा उंचीच्या रेषेला धरून खोदलेला असल्यामुळे वाट जवळजवळ सपाट आहे. हॅल्टन गाव साधारण दोन किमी, तिथून हवं तितकं पुढे. वाट अरुंद आहे आणि पाणी शेजारीच, म्हणून अंधारात वेग कमी ठेवा. दुसरा पर्याय वेंडोव्हर वूड्स. चर्चकडून रिजवे हेल वूडच्या बीचमधून चढते, पण वेंडोव्हर वूड्स हे वनखात्याचं मोठं जंगल हेल लेनच्या पलीकडे, उत्तरेला आहे. त्यातले लाकूडवाहतुकीचे खडीचे रस्ते भर पावसाळी हवेतही टिकतात. माझ्या मते जानेवारी-फेब्रुवारीत चढाचा सराव करायला याहून चांगली जागा जवळपास नाही. हॅडिंग्टन हिल, 267 मीटर, हा चिल्टर्नमधला सर्वोच्च माथा इथेच आहे. गर्द झाडीमुळे वरून काही दिसत नाही, तेव्हा देखाव्याच्या आशेने जाऊ नका. झाडतोडीसाठी वाट बंद असल्याची पाटी असेल तर ती पाळा आणि ओंडक्यांच्या राशीवर चढू नका, रास घसरते.

गावाच्या नैर्ऋत्येला एचएस2 या जलद रेल्वेच्या कामामुळे काही वहिवाटी वळवल्या आहेत. नकाशा जुना असेल तर कुंपणाशी जाऊन अडकाल. तिथे लावलेली पाटी नकाशापेक्षा खरी.

बूट दोन जोड असतील तर उत्तम. नोव्हेंबर ते मार्च 6 ते 8 मिमी खोल दात्यांचे, दाते लांब-लांब असलेले. जवळ-जवळ दाते असले की चिकणमाती मध्ये अडकते आणि तळवा गुळगुळीत होतो. मे ते सप्टेंबर 4 मिमी पुरतात. जलरोधक बूट घेऊ नका: पाणी वरून आत येतं आणि बाहेर पडत नाही.

एप्रिलपासून गुरं शेतात येतात. वासरांसह गाई दिसल्या की पळणं थांबवा, चालत, लांबून वळसा घेऊन जा, गाय आणि वासराच्या मध्ये शिरू नका. सोबत कुत्रा असेल आणि गाई अंगावर आल्या तर दोरी सोडून द्या, कारण त्यांचा रोख कुत्र्यावर असतो. आकाशात दुभंगलेल्या शेपटीची मोठी तांबूस घार घिरट्या घालत असेल तर तिला घाबरू नका. ती इथून नाहीशी झाली होती, 1989 पासून परत आणून सोडली. ऑक्टोबर ते 1 फेब्रुवारी फेझंट या पक्ष्याच्या शिकारीचा हंगाम असतो. बंदुकांचे आवाज आले तर वाट सोडू नका, भडक कपडे घाला.

जूनपासून पायवाटा नेटल या खाजऱ्या झुडपांनी भरतात. सह्याद्रीतली आग्या वनस्पती ज्याला माहीत आहे त्याला वेगळं सांगायला नको. गुडघ्यापर्यंत मोजे घाला. त्याहून महत्त्वाची गोष्ट गोचीड. उंच गवतातून आलात की गुडघ्यामागे, जांघेत आणि कंबरपट्ट्याखाली तपासा. सापडली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल, मीठ, जळती काडी काही नको. पुढच्या काही आठवड्यांत चाव्याभोवती वर्तुळासारखा पसरणारा लाल डाग दिसला किंवा ताप आला तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचं स्पष्ट सांगा, कारण गोचिडीमुळे होणाऱ्या लाइम रोगावर प्रतिजैविक वेळेत लागतं.

निघण्यापूर्वी फोनवरून 999 या आपत्कालीन क्रमांकाला ‘register’ हा शब्द इंग्रजीतच एसएमएस करा आणि उत्तर आल्यावर ‘yes’ पाठवा. मग आवाज पोचत नसेल अशा खोलगट जागेतूनही संकटात मजकूर पाठवून मदत मागता येते.