आधी मोजायला शिक

अगं, तुझा मेसेज दोनदा वाचला. अमेरिकेत जर्नलिझम शिकायला निघालीयेस आणि तिथल्या निरपराध कैद्यांना सोडवायचंय म्हणतेस. ते सोडवायचं खूळ आधी डोक्यातून काढ, चिडू नकोस, नीट ऐक.

कर्टिस फ्लॉवर्सची केस बघ. मिसिसिपीतलं विनोना नावाचं छोटं गाव, 1996 साली फर्निचरच्या दुकानात चार खून झाले, आणि डग इव्हान्स नावाच्या एकाच सरकारी वकिलानं या काळ्या माणसावर त्याच खुनांसाठी सहा खटले चालवले. सहा! एपीएम रिपोर्ट्स या अमेरिकन रेडिओच्या शोधपत्रकारांची टीम तिथं गेली, जवळजवळ वर्षभर मिसिसिपीतच मुक्काम ठोकून कोर्टातली जुनी बाडं स्कॅन करत बसली, त्याच वकिलाच्या ऑफिसचे 26 वर्षांतले 225 खटले, ज्युरीसाठी (म्हणजे निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या पंचमंडळासाठी) बोलावलेल्यांत काळं कोण, गोरं कोण, कुठल्या बाजूच्या वकिलानं कुणाला वगळलं (मला तर रेकॉर्ड रूममध्ये दहा मिनिटांत शिंका सुरू होतात). निघालं काय, तर सरकारी पक्ष काळ्यांना गोऱ्यांच्या 4.4 पट जास्त वगळत होता. 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानं शिक्षा रद्द केली त्या निकालातही असाच हिशेब आहे: सहाव्या खटल्यात ज्युरी निवडताना सरकारी पक्षानं वगळलेल्या पाच काळ्यांना मिळून विचारले 145 प्रश्न, निवडलेल्या अकरा गोऱ्यांना मिळून 12.

कर्टिसनं आपल्याजवळ कबुली दिली असं कोर्टात सांगणारा एक कैदी होता, त्यानं टीमला फोनवर सांगितलं की ते सगळं खोटं होतं. कॉल रेकॉर्ड केलेला. पण जो कोर्टात शपथेवर खोटं बोलला तो आता खरं बोलतोय कशावरून? म्हणून त्यांनी बंदूक, रस्त्यात कर्टिसला पाहिलं म्हणणारे साक्षीदार, सगळंच परत उकरलं. 2020 मध्ये आरोप मागे घेतले गेले, तोवर कर्टिसची 23 वर्षं आत गेली होती.

आणि उलटंही होतं बरं का. शिकागोत 1999 ला पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांच्या तपासामुळे फाशीचा एक कैदी सुटला, सगळीकडे वाहवा, पण त्यांच्यासोबतच्या खाजगी डिटेक्टिव्हनं ज्याच्याकडून त्याच गुन्ह्याची कबुली घेतली तो माणूस पंधरा वर्षं आत राहिला आणि 2014 मध्ये त्यालाही सोडावं लागलं, कबुली घ्यायची पद्धतच गैर होती म्हणून. सोडवायचंच ठरवून गेलं ना, की पुरावे आपल्याला हवे तसेच दिसायला लागतात.

आणि मेलेल्यांच्या घरच्यांनाही फोन करायचा, ते शिव्या घालतील तरी.

जायच्या आधी एक दिवस काढ, इथल्याच जिल्हा कोर्टात जाऊ. मास्क आण.