पिंजरा आणि हातोडा काढ

प्रिय,

तुझ्या नाटकाचा खर्डा वाचला. पहिल्याच प्रवेशात साक्षीदाराचा पिंजरा आहे, न्यायाधीशाच्या हाती हातोडा आहे, दोन्ही काढ. तुझं नाटक ज्यावर आहे तो दक्षिण आफ्रिकेचा सत्य आणि सलोखा आयोग (वर्णभेदाच्या काळातले अत्याचार उजेडात आणणारा) म्हणजे न्यायालय नव्हे, शिक्षा सुनावायचा अधिकारच त्याला नव्हता.

शिवाय तू दोन वेगळ्या सुनावण्या एकात मिसळल्या आहेस. पीडितांच्या सुनावण्या एप्रिल १९९६ मध्ये तिथल्याच ईस्ट लंडन शहराच्या नगरभवनात सुरू झाल्या, अध्यक्ष आर्चबिशप डेस्मंड टूटू. तिथे बोलणाऱ्याची उलटतपासणी नसे. धीर द्यायला शेजारी कुणीतरी बसलेलं असे. माफीच्या, म्हणजे गुन्हा करणाऱ्यांनी खटल्यातून सूट मिळावी म्हणून केलेल्या अर्जांच्या, सुनावणीत मात्र न्यायाधीश, वकील, उलटतपासणी सगळं असे. नाटकातल्या आईला वकील टोचून विचारतो तो प्रवेश (चांगला जमलाय, फेकू नकोस) तिकडे हलव.

माफीच्या अटी नीट बघ. कृत्य १ मार्च १९६० ते १० मे १९९४ या काळातलं हवं, हेतू राजकीय हवा, कबुली पूर्ण हवी. पश्चात्ताप ही अट नव्हतीच! दुसऱ्या अंकात तुझा पोलीस ढसाढसा रडतो, त्याचा अर्जाला काडीचा उपयोग नाही. एरवीच्या कोर्टनाटकात आरोपी लपवतो नि वकील खणून काढतो. इथे लपवलं की अर्ज बुडाला, आणि खासगी सूड होता असं निघालं तरी बुडालाच. वर्णभेदविरोधी नेते स्टीव्ह बिको यांच्या पोलीस कोठडीतल्या छळानंतरच्या मृत्यूप्रकरणी पोलीस ‘झटापटीत डोकं भिंतीवर आपटलं’ यालाच चिकटून राहिले. १९९९ मध्ये त्यांना माफी नाकारली गेली. अपघात म्हणायचं, तर राजकीय हेतू कुठून आणायचा? तुझ्या पोलिसाला या कात्रीत धर.

जेफ्री बेन्झिन या पोलिसाची १९९७ ची केप टाउनमधली सुनावणी मिळवून वाच. त्याने ज्यांचा छळ केला त्या टोनी येंगेनी या वर्णभेदविरोधी कार्यकर्त्यांनी त्याला ओल्या पिशवीचा प्रकार (डोक्यावर ओली पिशवी आवळून श्वास कोंडायचा) तिथेच करून दाखवायला लावला. त्याने दाखवला. मग उलट त्यानेच येंगेनींना आठवण करून दिली, की अर्ध्या तासात तुम्ही सहकाऱ्याचं नाव फोडलं होतंत. असा प्रसंग लिहिलास तर पार्श्वसंगीत अजिबात नको.

दुभाष्याची भूमिका वाढव. मारेकऱ्याचं बोलणं दुसऱ्या भाषेत सांगतानाही त्याला ‘मी’च म्हणावं लागे.

आणि शेवटची मिठी काप. निकालही तिथे नको: बेन्झिनला माफी मिळेपर्यंत १९९९ उजाडलं. सुनावणी संपताना पोलिसाला काही माहीत नसतं, त्या आईलाही नाही. पडदा तिथे.