ओट्यावरची शिट्टी फोनला कळेल का?

प्रश्न : माझ्या सासूबाई ६८ वर्षांच्या असून दोन्ही कानांनी त्यांना फारच कमी ऐकू येते. कानाचे यंत्र लावले की भांड्यांचा खणखणाट सहन होत नाही, म्हणून घरात त्या ते काढून ठेवतात. आम्ही दोघे नोकरीसाठी पणजीला जातो आणि डिचोलीच्या घरी त्या दिवसभर एकट्या असतात. दारावरची बेल, कुकरची शिट्टी, पोदेराचा (सायकलवरून दारोदार पाव विकणाऱ्याचा) हॉर्न, यांतले काहीच त्यांना कळत नाही. घरातले आवाज ओळखून सूचना देणारी सोय फोनमध्ये असते असे ऐकले. ती खरोखर उपयोगी पडते का? आणि घरातले बोलणे त्यातून बाहेर तर जात नाही ना? (एक वाचक, डिचोली)

उत्तर : ही सोय बहुधा तुमच्या घरातल्या फोनमध्ये आधीपासूनच असेल. आयफोनमध्ये ती २०२० साली आली आणि त्याच वर्षी गूगलनेही अँड्रॉइड फोनसाठी ‘साउंड नोटिफिकेशन्स’ या नावाने ती दिली. दोन्हीकडे सेटिंगमधल्या ‘अॅक्सेसिबिलिटी’ या भागात ती सापडते. आवाजाची ओळख फोनमध्येच पटवली जाते, त्यासाठी इंटरनेट लागत नाही आणि घरातले बोलणे कुठे पाठवले जात नाही, तेव्हा त्या बाबतीत निश्चिंत राहावे.

फोन आवाजाचे एक चित्र तयार करतो, ज्यात आडव्या दिशेने वेळ पुढे सरकते आणि उभ्या दिशेने स्वराची उंची दिसते. बेलचे दोन स्वर, कुत्र्याचे भुंकणे, नळाची धार यांची चित्रे एकमेकांपासून वेगळी दिसतात आणि हजारो नमुने दाखवून हा फरक यंत्राला शिकवलेला असतो. गूगलने २०१७ साली अशा शिकवणीसाठी खुला केलेला संग्रह दहा-दहा सेकंदांच्या वीस लाखांहून अधिक तुकड्यांचा होता.

मात्र फोनमधली आवाजांची यादी वाचताना ती कुठल्या घरांकडे पाहून केली आहे हे लगेच जाणवते. धुराचा अलार्म, दारावरची थाप, बेल, बाळाचे रडणे हे सारे त्यात आहे. आयफोनच्या यादीत काच फुटणे आणि किटलीसुद्धा आहे, पण कुकर नाही. धुराचा अलार्म आपल्याकडे फारच थोड्या घरांत असतो, त्यामुळे यादीतला तो मानाचा आवाज तुमच्या घरात कधी वाजणारच नाही. मला ही उणीव मनापासून खटकते, कारण आपल्या बायकांचा दिवस ज्या आवाजांवर चालतो तेच यादीबाहेर राहिले आहेत. आपल्या घरातला आवाज फोनला नव्याने शिकवता येतो, आयफोनमध्ये ही सोय २०२२ पासून आहे. पण ती बेल किंवा वॉशिंग मशीनसारख्या दर वेळी तसाच वाजणाऱ्या आवाजांना मानवते. कुकरची शिट्टी कधी लांब, कधी अर्धवट, कधी नुसती वाफेची सुरसुर असते, म्हणून तिच्यावर विसंबू नये. मनगटावर थरथरणारा टायमर लावणे अधिक खात्रीचे.

पोदेराच्या बाबतीत माझा सल्ला यंत्राचा नाही. तो वाटेने ‘पों पों’ करीत येतो, हॉर्न लांबूनच वाजवतो आणि घरात फोनपर्यंत तो आवाज पोहोचेलच असे नाही. त्याची वेळ ठरलेली असते, तेव्हा त्यालाच सांगावे की आमच्याकडे बेलचे बटण दाबा. बेलबरोबर पेटणारा एक दिवा स्वयंपाकघरात आणि एक सासूबाईंच्या खोलीत वायरमनकडून बसवून घ्यावा. फोनची बेल ओळखण्याची सोय त्याच्या जोडीला राहू द्यावी.

सूचना आली तरी ती अंगाला किंवा डोळ्यांना कळली पाहिजे. फोन हॉलमध्ये चार्जिंगला आणि सासूबाई परसात तुळशीपाशी, अशा वेळी त्याने बेल ओळखली काय आणि न ओळखली काय, सारखेच. म्हणून फोनला जोडलेले घड्याळ मनगटावर हवे. पावसाळ्याचाही विचार करावा. गेल्या जुलैत मी ही सोय माझ्या घरी चालू करून पाहिली, तेव्हा पडवीच्या पत्र्यावर पाऊस कोसळू लागताच फोन ‘पाणी वाहत आहे’ असे पुन्हा पुन्हा सांगू लागला आणि त्याच गोंगाटात दारावरची थाप मात्र त्याने दोनदा गाळली. ‘पाणी’ हा आवाज बंद केल्यावर निदान खोट्या सूचना थांबल्या. सासूबाईंना कुठले आवाज हवेत हे त्यांनाच विचारावे आणि तेवढेच चालू ठेवावेत, कारण दिवसातून तीस वेळा विनाकारण थरथरणारे घड्याळ आठवड्याभरात कपाटात जाते.

आग आणि गॅस या दोन गोष्टी या सोयीवर सोपवू नयेत. धोक्याच्या प्रसंगी हिच्यावर अवलंबून राहू नका, असे अॅपल स्वतःच बजावते. गॅसगळतीचा तर ऐकू येण्यासारखा आवाजच होईल असे नाही. तिची खूण म्हणून गॅसमध्ये मुद्दाम वास मिसळलेला असतो. दुपारी रेग्युलेटर बंद करण्याची सवय आणि भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिलेला १९०६ हा गॅसगळतीच्या वेळचा तातडीचा क्रमांक घरी हवा.

जाता जाता, भांड्यांचा खणखणाट सोसत नसेल तर यंत्र बसवून देणाऱ्या ऑडिओलॉजिस्टकडे एकदा जाऊन या. मोठ्या आवाजांची मर्यादा पुष्कळ यंत्रांत कमी करता येते. त्या यंत्र घालू लागल्या तर निम्मा प्रश्न तिथेच सुटेल.

प्रश्न : आम्ही नवरा-बायको दोघेही कर्णबधिर आहोत. बाळ तीन महिन्यांचे आहे. रात्री ते रडल्याचे फोन सांगेल का? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : सांगेल. बाळाचे रडणे दोन्ही प्रकारच्या फोनच्या यादीत आहे. फोन पाळण्यात ठेवू नये, हातभर अंतरावरच्या स्टुलावर ठेवावा आणि पंख्याचा वारा थेट त्याच्यावर येऊ देऊ नये. गाढ झोपेत घड्याळाची थरथर पुरेशी वाटत नसेल, तर उशीखाली ठेवायची थरथरणारी चकती असलेला बेबी मॉनिटर घ्यावा. तो याच कामासाठी केलेला असतो आणि मी त्यालाच पहिली पसंती देईन. दोघांनी पाळी लावून ज्याची रात्र त्याने घड्याळ घालावे आणि ते संध्याकाळी जेवणाच्या वेळीच चार्ज करून ठेवावे.