काळी माती, जांभी माती, कुंडीतली माती: तुमचे प्रश्न

प्रश्न: नगरला अंगणात काळी चिकण माती आहे, पावसात नुसता चिखल आणि उन्हाळ्यात भेगा. वाळू मिसळली तर मोकळी होईल का?

उत्तर: वाळू अजिबात नको. आपली काळी माती बेसॉल्ट झिजून झालेली, तिच्यातले बारीक चिकणकण पाणी प्यायले की फुगतात आणि वाळले की आकसतात, भेगा त्यामुळेच, आणि त्यात चार घमेली वाळू टाकली तर मोकळी होणं राहिलं बाजूला, उलट आणखी घट्ट बसते. खरा फरक पडायला निम्मी तरी वाळू लागेल, एवढी कुठून आणणार आणि कशाला? त्यापेक्षा चांगलं कुजलेलं शेणखत नाहीतर कंपोस्ट २-३ इंच पसरा, वरच्या अर्ध्या फुटात मिसळा आणि वर पालापाचोळ्याचं आच्छादन करा, हे दरवर्षी करायचं, एकदा करून भागत नाही. भाजीला गादीवाफे (जमिनीपेक्षा उंच वाफे) करा म्हणजे पाणी साचत नाही. आणि ओल्या मातीला कुदळ लावूच नका, ढेकळं दगडासारखी होतात! वाफसा (खणायला योग्य इतपतच ओल) आलाय का ते असं बघा: मूठभर माती दाबायची, गोळा झाला आणि बोटाने टोचल्यावर सहज फुटला तर खणा, नुसताच चेपला गेला तर अजून थांबा.

प्रश्न: सोलापूर. जास्वंदीची नवीन पानं पिवळी पडतात पण शिरा हिरव्याच राहतात. फेरस सल्फेट (लोहाचं खत) मातीत घातलं, काहीच फरक नाही.

उत्तर: लक्षण लोहाच्या कमतरतेचंच दिसतंय (नत्र म्हणजे नायट्रोजन कमी असतं तर आधी जुनी पानं पिवळी पडली असती). पण लोह मातीत बहुतेक असणार, ते मुळांना मिळत नाहीये. चमचाभर वाळलेल्या मातीवर व्हिनेगर टाका, फसफसलं तर चुनखडी आहे, म्हणजे पीएच (आम्लता-अल्कता मोजायचा आकडा, ७ म्हणजे मधला) ८ च्या आसपास, आणि अशा मातीत फेरस सल्फेट टाकलं की ते काही वेळातच तिथेच अडकून बसतं. दुकानात चिलेटेड लोह (मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रसायनात बांधलेलं) मागताना ईडीडीएचए नावाच्या रसायनावालं मागा, साधं ईडीटीए वालं चुनखडीत टिकत नाही. मुळाशी सतत ओल असेल तर पाणी आधी कमी करा, सततच्या ओलीने हा त्रास वाढतोच.

प्रश्न: रत्नागिरीत जांभी माती आहे, चुना टाकू का?

उत्तर: अंदाजाने नको, आधी माती तपासून घ्या. जोरदार पावसाने कॅल्शियम वाहून जातं म्हणून ही माती आम्लधर्मी असते आणि लोह-अॅल्युमिनियम स्फुरद (फॉस्फरस) धरून ठेवतात, त्यामुळे आम्लता कमी करायला चुना लागूही शकतो, पण किती ते रिपोर्टवरूनच ठरवा. नमुना ५-६ जागांवरून, वीतभर खोल खड्ड्यातून घ्या, मिसळा, सावलीत वाळवा, अर्धा किलो पुरतो. आणि पाचोळा जाळू नका प्लीज, तोच तुमच्या मातीचा कस आहे.

प्रश्न: ठाणे, गच्चीतल्या कुंड्या. पाणी घातलं की कडेने सरळ खाली निघून जातं, वर पांढरा थर येतो.

उत्तर: कुंडीत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) असेल तर ते पूर्ण सुकलं की आकसतं आणि मग पाणी धरत नाही. कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात ठेवा, बुडबुडे थांबले की काढा. पांढरा थर क्षारांचा, बोअरचं पाणी वापरताय का? वरचा थर खरवडून टाका आणि महिन्यातून एकदा कमी क्षारांच्या साध्या पाण्याने कुंडी भरपूर निथळू द्या, तळातलं भोक आधी मोकळं आहे ना ते बघून.