सचिवपद गेलं, पुढे?

प्रिय पोरी,

सचिवपदावरून तुला बाजूला केलं, ग्रुपची अ‍ॅडमिनकी काढून घेतली, कार्यक्रमात आता पुढच्या रांगेत कुणी बोलवत नाही. चार पानं यातच भरलीस. अन्याय झाला, कबूल. पण ‘माझी ताकदच गेली’ हे वाचून माझं डोकं फिरलं. गेली ती संस्थेची होती. वापरायला दिली, परत घेतली.

तुला नाही म्हणता येतं का? मी ताकद एवढ्यावरच मोजतो.

१९४७ साली साने गुरुजींच्या हाती कुठली सत्ता होती? पंढरपूरचं विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून आधी महाराष्ट्रभर फिरले, मग १ मेला उपोषणाला बसले. खुद्द गांधीजींची तार आली, उपोषण सोडा. ज्यांच्या शब्दाखातर जन्मभर झिजले, त्यांनाही या हळव्या माणसाने हात जोडून नाही म्हटलं. मंदिराचे पुजारी, बडवे, तयार झाले तेव्हाच उपोषण सुटलं.

गाडगेबाबांकडे तर लोक, पैसा, मंत्री सगळं चालत येई. गावोगावी धर्मशाळा उभ्या राहिल्या. अंगावर मात्र चिंध्यांचा अंगरखा, जेवायला खापर. गावात शिरले की आधी झाडू, रात्री कीर्तन. कुणी पाया पडायला वाकलं की काठी उगारत. १९४९ मध्ये पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन मोकळे झाले. हातात आलेल्या सत्तेलाही नाही म्हणता येत होतं त्यांना. हे उपाशी राहण्याहून अवघड, माझं ऐक.

मलाही एकदा विश्वस्त करायला निघाले होते. अट एवढीच, हिशेबावर मुकाट सही. नाही केली. घरचे अजून ऐकवतात, आत राहून सुधारता आलं असतं. असेलही. पण ‘आत राहून सुधारू’ म्हणत गेलेले माझे सोबती सुधारणा विसरले, खुर्ची काही विसरले नाहीत. हेकट म्हण हवं तर. आजही सही करणार नाही.

पद वाईट असं मी म्हणत नाही. पुढच्या वर्षी निवडणूक लढव, जिंक, मी पेढे खायला येतो. फक्त त्या खुर्चीवर बसून नाही म्हणता येणार असेल तरच.

आणि एक विचारायचंय. वस्तीतल्या पोरांचा तुझा संध्याकाळचा वर्ग, त्याचा चार पानांत एका ओळीनेही उल्लेख नाही. तो घ्यायला सचिवपद लागत नव्हतं. चालू आहे की तोही बंद पाडलास? रविवारच्या आत कळव.

तुझा,
काका