गरोदरपणात पूर्ण शाकाहारी राहिलं तर बाळाला काही कमी पडतं का?

तुम्ही लिहिलंय की नववा आठवडा सुरू आहे, जन्मापासून शाकाहारी आहात, दूध-दही चालतं पण अंडं कधी खाल्लेलं नाही. आणि आता घरचे-दारचे सगळे मागे लागलेत, "स्वतःसाठी नको, निदान बाळासाठी तरी अंडी-मासे सुरू कर, नाहीतर प्रोटीन कुठून मिळणार?" उलट्यांमुळे आधीच जेवण जात नाही, त्यात ही टोचणी. मी आहारतज्ज्ञ आहे, माझ्याकडे गरोदर बायका बऱ्याच येतात आणि मी स्वतःही शाकाहारी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शाकाहारी राहून गरोदरपण अगदी व्यवस्थित पार पडतं. नको असताना अंडं किंवा मासा घशाखाली ढकलण्याची काही गरज नाही. अमेरिकेतल्या अकॅडमी ऑफ न्यूट्रिशन अँड डायटेटिक्स या आहारतज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ साली हेच म्हटलं होतं, फक्त आहार विचार करून आखलेला हवा अशी अट घालून. माझा अनुभव असा की हा विचार होतो, पण भलत्याच गोष्टीचा. सगळं घर प्रोटीनच्या मागे लागतं आणि बी-१२चं नावही कोणी काढत नाही.

प्रोटीनचं आधी उरकून टाकते. युरोपियन अन्नसुरक्षा संस्थेच्या हिशेबाप्रमाणे गरोदरपणात नेहमीपेक्षा जास्तीचं प्रोटीन लागतं ते पहिल्या तिमाहीत रोज फक्त १ ग्रॅम, दुसरीत ९ आणि तिसरीत २८ ग्रॅम. शिजवलेल्या मसुराच्या एका मोठ्या वाटीत, म्हणजे साधारण २०० ग्रॅममध्ये, १८ ग्रॅम प्रोटीन असतं आणि ग्लासभर दुधात ८. म्हणजे शेवटच्या तिमाहीतसुद्धा एवढी भर घातली की जवळजवळ भागलं. डाळी, राजमा, चणे, सोयाबीन, टोफू, पनीर, दही, दाणे यांतलं काही ना काही प्रत्येक खाण्यात असू द्या. डाळ आणि धान्य एकाच ताटात, एकाच वेळी हवं असंही नाही. दिवसभरात दोन्ही पोटात गेलं तरी शरीर त्याचा मेळ घालतं. "दोघांचं खा" हेही सध्या मनावर घेऊ नका. पहिल्या तिमाहीत जास्तीच्या उष्मांकाची जवळपास गरजच नसते. ती पुढे वाढते, दुसऱ्या तिमाहीत रोज सुमारे ३४० आणि तिसऱ्या तिमाहीत ४५० किलोकॅलरी.

आता बी-१२. हे जीवनसत्त्व जिवाणू तयार करतात आणि आपल्याला ते प्राणिज पदार्थांतूनच मिळतं. कुठल्याही भाजीत, डाळीत, फळात ते भरवशाचं नसतं. स्पिरुलिनाच्या डब्यावर ते लिहिलेलं दिसेल, पण त्यातला बहुतांश भाग माणसाच्या शरीराला वापरता न येणारा असतो. तुम्ही दूध-दही खाता ही जमेची बाजू. पण हिशेब करून बघा. ग्लासभर दुधात साधारण १.२ मायक्रोग्रॅम बी-१२ मिळतं. गरोदरपणातली रोजची शिफारस अमेरिकेत २.६ मायक्रोग्रॅम आहे, युरोपात ४.५. चहात पडणारं दूध आणि जेवणातलं चमचाभर दही एवढ्यावर हे भागत नाही. त्यातून पीसीओएस या अंडाशयाच्या विकारासाठी मेटफॉर्मिनची गोळी घेतली असेल किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या बरेच महिने चालू असतील तर बी-१२चं शोषण आणखी कमी होतं. हे लागू होत असेल तर डॉक्टरांना आपणहून सांगा, कारण विचारलं जाईलच असं नाही.

यात एक फसवी गोष्ट आहे. हिमोग्लोबिन चांगलं असलं म्हणजे बी-१२ ठीक आहे असं सगळे धरून चालतात. तुम्ही आत्ता फॉलिक ॲसिडची गोळी घेत असाल, आणि ती घ्यायलाच हवी, पण ती रक्तातली बी-१२च्या कमतरतेची खूण झाकू शकते. १९२८ साली लूसी विल्स नावाची इंग्लिश डॉक्टर मुंबईत आली होती, गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब गरोदर बायकांना होणाऱ्या तीव्र ॲनिमियाचं कारण शोधायला. तो यीस्टच्या अर्काने बरा होतो हे तिने १९३१मध्ये दाखवलं आणि त्यातलं गुणकारी द्रव्य पुढे फोलेट म्हणून ओळखलं गेलं; फॉलिक ॲसिड हे त्याचंच गोळीतलं रूप. फोलेटची आणि बी-१२ची कमतरता रक्तात अगदी सारखी दिसते, दोन्हींत लाल पेशी मोठ्या आणि अर्धवट वाढलेल्या. म्हणून नुसत्या फॉलिक ॲसिडनेही रक्त सुधारलेलं दिसतं, पण मज्जातंतूंना लागणारं बी-१२ कमीच राहतं. हातापायांना मुंग्या, पराकोटीचा थकवा, जीभ लाल होऊन झोंबणं ही लक्षणं "गरोदरपणात असं होतंच" म्हणून सोडून देऊ नका.

पुढच्या तपासणीला बी-१२ची चाचणी करून घ्यायची आहे असं स्पष्ट म्हणा. गरोदरपणात रक्तातला हा आकडा तसाही थोडा खाली येतो, त्यामुळे अहवाल हातात पडल्यावर स्वतः निदान करत बसू नका. गरज वाटली तर डॉक्टर होमोसिस्टीनसारखी (बी-१२ कमी असलं की रक्तात वाढणारं द्रव्य) आणखी एखादी चाचणी सांगतील. गोळी दिली तर तिच्यावरचा ५०० किंवा १००० मायक्रोग्रॅमचा आकडा बघून बिचकू नका. रोज अडीच-चार लागतं आणि गोळीत हजार, हे कसं, असं मला नेहमी विचारतात. आतड्याची नेहमीची वाट एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच आत घेते. त्यापलीकडचं अगदी थोडं, साधारण शंभरातला एक भाग, झिरपत जातं. म्हणून गोळीत आकडा मोठा ठेवावा लागतो.

दुसरी खरी काळजी लोहाची. संपूर्ण गरोदरपणात मिळून शरीराला अंदाजे १००० मिलिग्रॅम जास्तीचं लोह लागतं, कारण आईचं रक्त वाढतं, बाळाचं नव्याने तयार होतं आणि वार वाढते. शाकाहारात लोह भरपूर असतं, मांसातल्यापेक्षा ते शोषलं मात्र कमी जातं. हे शोषण कशासोबत काय खाल्लं यावर फार अवलंबून असतं आणि ते पूर्ण आपल्या हातात आहे.

एक उदाहरण सांगते. सातव्या महिन्यातली एक मुलगी आली होती, आहार खरंच चांगला, गोळ्याही एक दिवस न चुकवता घेतलेल्या, तरी हिमोग्लोबिन हलत नव्हतं. तिला म्हटलं, गोळ्या कशा घेतेस ते करून दाखव. तिने पर्समधून लोहाची आणि कॅल्शियमची पाकिटं काढली, दोन्ही गोळ्या एकत्र तळहातावर घेतल्या आणि म्हणाली, "जेवण झालं की या दुधाबरोबर, आणि मग चहा." पचायला त्रास होऊ नये म्हणून केलेली सोय होती ती. पण कॅल्शियम लोहाला अडवतं, दूध म्हणजे पुन्हा कॅल्शियम आणि वरून चहा! जेवणाबरोबर घेतलेला चहा त्या जेवणातल्या वनस्पतिजन्य लोहाचं शोषण निम्म्याहून खाली आणू शकतो. आम्ही फक्त वेळा बदलल्या. लोहाची गोळी दोन जेवणांच्या मधे लिंबूपाण्याबरोबर, कॅल्शियमची जेवणासोबत, चहा जेवणानंतर तासाभराने. पुढच्या तपासणीत आकडा वर सरकलेला होता.

तुम्हीही एवढंच करा. डाळीवर, उसळीवर लिंबू पिळा, पण गॅसवरून उतरवल्यावर, कारण उष्णतेने क जीवनसत्त्व जातं. संत्रं, पेरू, कच्ची ढोबळी मिरची, टोमॅटो यांतलं काहीतरी जेवणातच असू द्या. कडधान्यं भिजवून, मोड आणून शिजवली, पीठ आंबवलं की लोह धरून ठेवणारं फायटेट कमी होतं. याने जस्ताचंही (झिंकचं) शोषण सुधारतं. नुसत्या पालकावर विसंबू नका. त्याचं नाव मोठं आहे, पण लोहासाठी मसूर, राजमा, सोयाबीन अधिक कामाचे. एवढं करूनही गोळी लागतेच. जागतिक आरोग्य संघटना शाकाहारी-मांसाहारी असा भेद न करता सगळ्याच गरोदर बायकांना रोज ३० ते ६० मिलिग्रॅम लोह आणि ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड सुचवते. गोळीने शौचाला काळं होतं, त्याने घाबरू नका. बद्धकोष्ठ झालं तर गोळी परस्पर बंद करण्याऐवजी डॉक्टरांकडून बदलून घ्या.

कॅल्शियमची तुम्हाला फार चिंता नाही, दूध-दही खाताच. इथेही पालकाचा भरवसा नको, त्यातल्या कॅल्शियमपैकी जेमतेम ५ टक्के अंगी लागतं, दुधातलं २७ टक्क्यांच्या आसपास. आयोडिनसाठी घरातलं मीठ आयोडिनयुक्त आहे ना ते पाकिटावर बघा. हौसेने सैंधव किंवा गुलाबी मिठावर गेलेल्या शाकाहारी घरात आयोडिन सहज कमी पडतं आणि बाळाच्या मेंदूच्या वाढीला ते फार लागतं. माशांतून मिळणारं डीएचए, म्हणजे बाळाच्या मेंदूला लागणारं एक ओमेगा-३ स्निग्धाम्ल, हवं असेल तर थेट शेवाळातून काढलेलं मिळतं, मासेही ते शेवाळापासूनच घेतात. जवस आणि अक्रोड जरूर खा, पण त्यांच्यातल्या ओमेगा-३चं शरीरात डीएचएमध्ये रूपांतर फारच थोडं होतं. रोज निदान २०० मिलिग्रॅम डीएचए सुचवतात. कॅप्सूल डॉक्टरांना दाखवून घ्या. कोलीन या जीवनसत्त्वासारख्या पोषकद्रव्याचं नाव तुम्ही कदाचित ऐकलंही नसेल. अंडं न खाणाऱ्यांना ते कमी पडू शकतं. सोयाबीन, राजमा, ब्रोकोली, दूध यांतून थोडं थोडं मिळतं. गरोदरपणातल्या बऱ्याच मल्टिव्हिटॅमिनमध्ये ते नसतं, म्हणून पाकीट वाचून घ्या.

एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे, कारण शाकाहारी बायकांना हा सल्ला सर्रास दिला जातो. मोड आलेली कडधान्यं कच्ची खाऊ नका. उबदार, ओलसर जागेत मोड येतात आणि साल्मोनेला, ई-कोलायसारखे जिवाणूही तिथेच झपाट्याने वाढतात. वरवर धुऊन ते जात नाहीत. पूर्ण शिजवून खा. तसंच न तापवलेलं, पाश्चराईज न केलेलं दूध आणि त्याचं चीज टाळा, लिस्टेरिया या जिवाणूचा धोका असतो. सॅलड, फळं, पालेभाज्या वाहत्या पाण्याखाली नीट चोळून धुवा.

उलट्यांचं म्हणाल तर सध्या ताटाचा विचारच सोडा. दर दोन तासांनी थोडं कोरडं काही, थंड दही, फळ, मूठभर दाणे, जे राहील ते. या आठवड्यांत बाळ अगदी लहान असतं, तुमची जेवणं हुकल्याने त्याची उपासमार होत नाही. मल्टिव्हिटॅमिनने मळमळ वाढत असेल तर रात्री झोपताना घेऊन बघा. फॉलिक ॲसिड मात्र सोडू नका. पाणीसुद्धा पोटात राहत नसेल, लघवी गडद आणि कमी होत असेल, वजन उतरत असेल तर थांबू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा.

शेवटचं, आणि हे घरच्यांनाही वाचून दाखवा. बाळंतपण झालं की गोळ्यांची पाकिटं कपाटात जातात. बी-१२च्या बाबतीत तसं होऊ देऊ नका. आईला कमी असेल तर बाळ थोडाच साठा घेऊन जन्मतं आणि अंगावरच्या दुधातही ते कमी उतरतं. मग चार-सहा महिन्यांनी बाळ मलूल पडतं, हसणं-बघणं कमी होतं, मान सावरायला लागलेलं पुन्हा मागे जातं. वेळेत न ओळखलं तर त्याचा मेंदूवर कायमचा परिणाम होऊ शकतो, आणि हे सगळं टाळायला आईची एक स्वस्तातली गोळी पुरते. तेव्हा अंगावर पाजत आहात तोवर ती चालू ठेवा, आणि बाळाच्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा की आई शाकाहारी आहे.